जे. आर. आर. टॉल्किन : मिडल-अर्थचा श्रद्धावान शिल्पकार

‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ हे नाव आपल्याकडील अनेक तरुणांना चित्रपटांमुळे परिचित झाले. एल्फ, ड्वॉर्फ, हॉबिट आणि ऑर्क अशा नाना वंशांनी गजबजलेले हे काल्पनिक जग ज्यांच्या प्रतिभेतून साकारले, ते प्राध्यापक टॉल्किन निष्ठावंत कॅथलिक होते. त्यांच्या जीवनाचा हा अल्प परिचय आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

जॉन रोनाल्ड रुएल टॉल्किन यांचा जन्म 3 जानेवारी 1892 रोजी दक्षिण आफ्रिकेतील ब्लूमफाँटेन येथे झाला. ते चार वर्षांचे असताना पित्याचे निधन झाले. 1900 साली आई मेबल यांनी कॅथलिक श्रद्धा स्वीकारली; त्यामुळे नातलग दुरावले, आर्थिक मदत थांबली. इन्शुलिनचा शोध लागण्यापूर्वीचा तो काळ. 1904 साली, वयाच्या अवघ्या 34 व्या वर्षी मेबल मधुमेहाने मरण पावल्या. बर्मिंगहॅम ओरेटरीचे धर्मगुरू फादर फ्रान्सिस मॉर्गन यांनी दोन्ही पोरक्या मुलांचे पालकत्व स्वीकारले. आईने श्रद्धेसाठी प्राण वेचले, अशीच टॉल्किन यांची आयुष्यभर भावना होती.

1916 साली एडिथ ब्रॅट यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि काही महिन्यांतच त्यांना फ्रान्समधील सोमच्या रणभूमीवर जावे लागले. महायुद्धाने त्यांचे दोन जिवलग मित्र हिरावून घेतले. पुढे 1925 ते 1959 अशी 34 वर्षे त्यांनी ऑक्सफर्ड येथे प्राध्यापकपद भूषविले. भाषा हा त्यांचा ध्यास होता. फिनिश आणि वेल्श भाषांच्या नादावरून त्यांनी एल्फांच्या भाषा रचल्या आणि त्या बोलणाऱ्यांसाठी इतिहासही निर्माण केला. ‘द हॉबिट’ 1937 साली, तर ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ 1954-55 मध्ये तीन खंडांत प्रसिद्ध झाले. निधनानंतर पुत्र ख्रिस्तोफर यांनी ‘द सिल्मरिलियन’ 1977 साली प्रकाशित केले.

या वंशांच्या कथांत खोल चिंतन दडलेले आहे. एल्फ जगाच्या अंतापर्यंत जगतात आणि जगाबरोबरच थकतात. मानवाला लाभलेला मृत्यू हे मात्र निर्मात्याचे दान ठरते. ड्वॉर्फांना आउले या सामर्थ्यवान आत्म्याने परवानगीवाचून घडविले. पश्चात्तापाने तो त्यांच्यावर हातोडा उगारतो, तेव्हा निर्माता दयेने त्यांना स्वतःचे जीवन बहाल करतो. लहानखुऱ्या, शांतताप्रिय हॉबिटांवर तर जगाच्या उद्धाराचा भार येऊन पडतो.

ऑर्कांपाशी मात्र टॉल्किन यांची लेखणी अडखळली. दुष्ट शक्तीला निर्मिती करता येत नाही, ती केवळ विकृती घडवू शकते, हा त्यांच्या श्रद्धेचा गाभा होता. मग ऑर्क आले कोठून? भ्रष्ट केलेल्या एल्फांपासून, मानवांपासून की पशूंपासून? त्यांना आत्मा असेल, तर तारणाची वाटही असायला हवी. एक अख्खा वंश कायमचा दोषी ठरविणे त्यांच्या विवेकाला मानवले नाही. अखेरपर्यंत ते या प्रश्नाची उत्तरे बदलत राहिले. शत्रूला माणूसपण नाकारणे किती सोपे असते, हे रणभूमी पाहिलेल्या या लेखकाची अस्वस्थता आपल्याला सांगते, असे आम्हांस वाटते.

पडद्यावर हे विश्व अनेकदा अवतरले. राल्फ बक्शी यांचा अॅनिमेशनपट 1978 साली आला. पीटर जॅक्सन यांचे तीन चित्रपट 2001 ते 2003 या काळात प्रदर्शित झाले. त्यांतील शेवटच्या चित्रपटाने 11 ऑस्कर पटकाविले. त्यांतील ऑर्क बहुतांशी कापून काढण्याजोगी भयाण फौज आहे. 2022 साली सुरू झालेल्या ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ मालिकेने मात्र जुना प्रश्न पुन्हा उभा केला. तिच्या 2024 च्या दुसऱ्या पर्वात एक ऑर्क आपल्या जोडीदारासह आणि तान्ह्या बाळासह दिसतो. काही प्रेक्षकांना ते रुचले नाही. पण टॉल्किन यांना छळणारा प्रश्न नेमका हाच होता.

कथेच्या शेवटातही फरक आहे. चित्रपटात फ्रोडो आणि गोलम यांच्या झटापटीत गोलम अंगठीसह अग्नीत कोसळतो. पुस्तकात फ्रोडो अखेरच्या क्षणी मोहाला बळी पडतो. अंगठी हिसकावलेला गोलम आनंदाच्या भरात स्वतःच तोल जाऊन पडतो. पूर्वी बिल्बो आणि फ्रोडो यांनी दया दाखवून त्याला जिवंत सोडले नसते, तर जग वाचलेच नसते. टॉल्किन यांनी या घटनेसाठी 25 मार्च हा दिवस निवडला. त्याच दिवशी ख्रिस्तसभा पवित्र मरियेला मिळालेल्या देवदूताच्या संदेशाचा सण साजरा करते.

2 सप्टेंबर 1973 रोजी, वयाच्या 81 व्या वर्षी टॉल्किन यांचे निधन झाले. त्यांचे धर्मगुरू पुत्र फादर जॉन यांनी अंत्यविधीची मिस्सा अर्पण केली. ऑक्सफर्डजवळील वोल्व्हरकोट दफनभूमीत पती-पत्नी एकाच कबरीत विसावले आहेत. तेथील शिळेवर एडिथ यांच्या नावाखाली ल्युथियन आणि त्यांच्या नावाखाली बेरेन अशी नावे कोरलेली आहेत. त्यांच्याच कथेतील ही जोडी : ती एल्फकन्या, तो मर्त्य मानव. त्याच्यासाठी तिने अमरत्व सोडून मृत्यू स्वीकारला होता.

हे चित्रपट मुलांसोबत पाहण्याचा योग आला, तर ऑर्कांविषयीचा तो प्रश्न त्यांच्यापुढे अवश्य ठेवावा, एवढेच आम्ही वाचकांना सुचवितो.