जहांगीर ज्याच्या रंगावरून जळफळायचा, तो मलिक अंबर कोण होता?

वर्गात एखादं पोरगं सावळं असलं की त्याला काळ्या म्हणून हाक पडते. सगळे हसतात, तेही हसतं. पण घरी गेल्यावर ते आरशासमोर किती वेळ उभं राहतं, हे कुणी बघत नाही. नांदेड असो की लातूर, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय.

याच मुलखात ४०० वर्षांपूर्वी एक माणूस लढला. मुघल बादशहा त्याला रंगावरून हिणवायचा. नाव, मलिक अंबर.

जन्म १५४८ च्या आसपास, इथिओपियात. मूळ नाव चापू. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला आणि बाजारामागून बाजार फिरत बगदादला पोहोचला. तिथल्या मीर कासिमने त्याला लिहायला-वाचायला शिकवलं, कारभार शिकवला आणि अंबर हे नाव दिलं.

पुढे तो अहमदनगरला आला. निजामशाहीचा पेशवा चंगेज खान याने त्याला विकत घेतलं. विशेष म्हणजे चंगेज खान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम होता. तो गेल्यावर अंबर मोकळा झाला आणि त्याने स्वतःची फौज उभी केली.

१६०२ मध्ये नांदेडजवळ त्याची मुघलांशी गाठ पडली. समोर होता दोह्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रहीमचा मुलगा इरज. अंबर हरला, जखमी झाला, पण त्याच्या माणसांनी त्याला रणातून उचलून नेलं. लातूरच्या औसा किल्ल्याला त्याच्यावरूनच अंबरपूर नाव पडलं होतं, असं सांगितलं जातं.

१६१० मध्ये त्याने खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. तिथे नहरीने पाणी आणलं. १६२४ मध्ये भातवडीला गनिमी काव्याने मुघल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केला. शहाजीराजे तेव्हा त्याच्या बाजूने लढत होते.

जहांगीरला हे सहन व्हायचं नाही. तो आपल्या आत्मचरित्रात अंबरच्या काळ्या रंगावरून शिव्या घालतो. १६१६ च्या सुमारास त्याने एक चित्रही काढून घेतलं. त्यात तो अंबरच्या कापलेल्या मुंडक्यावर बाण मारतोय. प्रत्यक्षात ते मुंडकं त्याला कधीच मिळालं नाही.

पण रंगाचा टोमणा अंबरच्या घरातही शिरला. त्याची मुलगी निजामशहाला दिली होती. डच व्यापारी व्हॅन डेन ब्रोकच्या नोंदीनुसार, निजामशहाच्या गोऱ्या इराणी बायकोने तिला गुलामाची पोर म्हणून अपमानित केलं. त्यानंतर अंबरने राजा आणि राणी दोघांनाही विष दिलं. याचं समर्थन होऊ शकत नाही. पण सत्ता हातात असलेल्या बापालाही तो शब्द किती लागला असेल, हे यातून कळतं.

१६२६ मध्ये अंबर वारला. कबर खुलताबादला आहे. त्यानंतर जहांगीरच्याच दरबारातल्या इतिहासकाराने त्याची तारीफ लिहून ठेवली.

चापूला बगदादमध्ये रंगाच्या पलीकडे बघणारा एक माणूस भेटला. आपल्या वर्गातल्या पोराला तो भेटतो का?

पुढच्या वेळी काळ्या म्हणून हाक मारण्याआधी एवढं आठवा.