प्रकाशाची बंदूक आणि गुनपेई योकोई

नव्वदच्या दशकात आपल्याकडील शहरांत ज्यांचे बालपण गेले, त्यांना टीव्हीला जोडलेली प्लॅस्टिकची बंदूक आणि पडद्यावर उडणारी बदके नक्कीच आठवत असतील. घरोघरी आलेले ते व्हिडिओ गेम बहुतांशी जपानी यंत्राच्या स्वस्त नकला होत्या. मूळ यंत्र निन्टेन्डो कंपनीचे, तर बंदुकीच्या खेळांची परंपरा गुनपेई योकोई यांची. जुन्या गेमचा संग्रह करणाऱ्यांमध्ये हे नाव आजही आदराने घेतले जाते.

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ रोजी क्योटो येथे झाला. दोशिशा विद्यापीठातून इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेऊन १९६५ मध्ये ते निन्टेन्डोत रुजू झाले. १८८९ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी त्या वेळी प्रामुख्याने पत्ते बनवीत असे आणि त्या यंत्रांची देखभाल हेच योकोई यांचे काम होते. फावल्या वेळात त्यांनी लांबवर पोहोचणारा एक चिमटा तयार केला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला. शिक्षा होण्याऐवजी त्याचे खेळणे करण्याचा आदेश मिळाला. १९६६ मध्ये बाजारात आलेल्या या ‘अल्ट्रा हँड’चे दहा लाखांहून अधिक नग विकले गेले.

पुढे सौरघटांचा वापर खेळण्यात करण्याची कल्पना पुढे आली. १९७० मध्ये आलेल्या खेळण्यातील बंदुकीतून गोळीऐवजी प्रकाश सुटे आणि लक्ष्यावरील घट तो टिपत असे. याच तत्त्वावर १९७३ मध्ये ओस पडलेल्या बोलिंग केंद्रांत नेमबाजीची दालने सुरू झाली. मात्र त्याच वर्षीच्या तेलसंकटाने मागण्या रद्द झाल्या आणि कंपनी कर्जात बुडाली. तरीही योकोई यांनी हा धागा सोडला नाही. १९८४ मध्ये ‘डक हंट’ घरच्या टीव्हीवर आला, तेव्हा तत्त्व उलटे झाले होते. आता बंदूक प्रकाश सोडत नसे, तर पडद्याचा प्रकाश टिपत असे. चाप ओढताच पडदा क्षणभर काळा होई, बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे आणि नळीतील संवेदकाला तो दिसला की नेम लागला असे मानले जाई.

नव्या, महागड्या तंत्रज्ञानामागे धावू नये. स्वस्त झालेल्या, पूर्णपणे उमगलेल्या तंत्राचा अनपेक्षित उपयोग शोधावा, हे योकोई यांचे सूत्र होते. कॅल्क्युलेटरच्या पडद्यातून त्यांनी १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ घडविला. १९८२ मध्ये त्यांनी दिलेली अधिक चिन्हाच्या आकाराची कळ पुढे असंख्य यंत्रांवर आली. १९८९ च्या ‘गेम बॉय’ला रंग नव्हते, पण तो स्वस्त होता आणि त्याचे सेल दीर्घकाळ टिकत. रंगीत प्रतिस्पर्धी त्याच्यापुढे टिकले नाहीत. त्याची व त्याच्या रंगीत आवृत्तीची मिळून विक्री ११ कोटी ८० लाखांच्या पुढे गेली.

यशाच्या शिखरावरच अपयशाने गाठले. १९९५ चा ‘व्हर्च्युअल बॉय’ लाल-काळ्या चित्रांमुळे आणि डोळ्यांवर येणाऱ्या ताणामुळे वर्षभरही टिकला नाही. आठ लाखांचा आकडाही त्याला गाठता आला नाही. १९९६ मध्ये योकोई यांनी तीन दशकांची नोकरी सोडून ‘कोतो’ ही कंपनी काढली आणि बान्डाईसाठी ‘वंडरस्वान’ या हातातील गेमयंत्रावर काम सुरू केले. ते यंत्र १९९९ मध्ये बाजारात आले. पण ते पाहण्यास योकोई हयात नव्हते. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील महामार्गावर किरकोळ अपघातानंतर ते मोटारीतून उतरले असता दुसऱ्या वाहनाची धडक बसून त्यांचे निधन झाले. त्या वेळी ते अवघे ५६ वर्षांचे होते.

आज संग्राहकांकडे ही बंदूक जपलेली असते. मात्र नव्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही. पिक्चर ट्यूबच्या जुन्या संचात चित्र ज्या क्षणी उमटते, तो क्षण गृहीत धरूनच तिची रचना झाली आहे. सपाट पडद्यावर चित्र किंचित उशिरा येते आणि नेम अचूक असूनही बदक उडून जाते. म्हणून या छंदात बंदुकीइतकाच, भंगारात निघालेला जड टीव्ही मोलाचा ठरतो. जगाने टाकाऊ ठरविलेल्या तंत्रात आनंद शोधणाऱ्या योकोई यांचे स्मरण यापेक्षा चांगल्या रीतीने क्वचितच होऊ शकेल.