हेमिंग्वेची आवडती नदी वर्षभरात उजाड झाली, मग त्याने ती कादंबरीत वाहती ठेवली

जून १९२५. उत्तर स्पेनमध्ये, पिरेनीज डोंगरातल्या बुर्गेते गावाजवळ २५ वर्षांचा एक अमेरिकन तरुण इराती नदीवर पोहोचला. आदल्या वर्षी इथे त्याला भरपूर ट्राउट मासे मिळाले होते, म्हणून यावेळी तो मित्रांनाही घेऊन आला होता. पण नदीची पार वाट लागली होती. लाकूडतोडीने डोह उद्ध्वस्त केले होते आणि मासे मेले होते.

हा तरुण म्हणजे अर्नेस्ट हेमिंग्वे.

१८९९ मध्ये शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये जन्मलेल्या हेमिंग्वेला मासेमारीचा नाद लावला तो डॉक्टर असलेल्या वडिलांनी. उन्हाळ्याची सुट्टी मिशिगनमध्ये जायची. १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर तो रेडक्रॉससाठी काम करताना पायांना जबर जखमी झाला. घरी परतल्यावर पुढच्याच वर्षी तो पुन्हा मिशिगनच्या नद्यांवर गेला. मासेमारी हा त्याच्यासाठी नुसता टाइमपास नव्हता.

१९२१ च्या अखेरीस तो पॅरिसला आला आणि टोरंटो स्टारसाठी बातम्या पाठवता पाठवता युरोपातल्या नद्या धुंडाळू लागला. स्वित्झर्लंडमध्ये ऱ्होन खोऱ्यातल्या कालव्यावर त्याने फ्लाय फिशिंग केलं.

आता फ्लाय फिशिंग म्हणजे काय? तर गळाला गांडूळ नाही, पिसं आणि दोऱ्याने बांधलेला नकली किडा लावायचा. तो इतका हलका असतो की दोरीच्या वजनावरच लांब फेकावा लागतो. ट्राउट थंड, स्वच्छ पाण्यात प्रवाहाकडे तोंड करून थांबतो, म्हणून मागून दबकत जायचं. मासा कोणत्या दगडाआड असेल, पाण्यावर कोणते किडे कधी येतील, हे प्रत्येक नदीचं वेगळं. त्यामुळे एका नदीत मुरलेला माणूस दुसऱ्या देशात पुन्हा शिकाऊ ठरतो.

शिवाय प्रत्येक देशाचे नियमही वेगळे. १९२२ मध्ये जर्मनीच्या ब्लॅक फॉरेस्टमध्ये मासे पकडण्याआधी त्याला परवाने आणि मासेमारीचे हक्क यांच्या भानगडीत पडावं लागलं.

मग सापडली इराती. आणि वर्षभरात हातची गेलीही.

तिथून तो पाम्प्लोनाला गेला आणि काही आठवड्यांतच त्याने कादंबरी लिहायला घेतली. १९२६ मध्ये आलेल्या या 'द सन ऑल्सो राइजेस'मध्ये दोन मित्र बुर्गेतेला जातात, इरातीत ट्राउट पकडतात आणि थोडे दिवस युद्धाचा सल विसरतात. कादंबरीतली इराती मात्र आदल्या वर्षीची आहे, गार आणि माशांनी भरलेली.

१९५४ मध्ये त्याला नोबेल मिळालं. १९६१ मध्ये आयडाहोतल्या केचम इथे त्याचा मृत्यू झाला. ट्राउटच्या ओढ्यांसाठी हा भाग आजही ओळखला जातो.

आज बुर्गेतेला येणारे अनेक जण त्याची कादंबरी वाचूनच येतात. त्यांच्या मनात असते ती इराती, जी तो लिहायला बसला तेव्हा शिल्लकच नव्हती.