हॉट व्हील्सच्याही आधी: फ्रँक हॉर्नबी आणि छोट्या गाड्यांची मोठी चुरस

मॉलमधल्या खेळण्यांच्या काउंटरवर हॉट व्हील्सची पाकिटं एकेक करून उलटीपालटी करणारी मुलं तुम्ही पाहिली असतील. कदाचित त्यातले एक तुम्हीच असाल. छोट्या गाड्यांच्या या जगात दोन पार्ट्या आहेत. एकीला गाडी हुबेहूब दिसायला हवी, रंग, ग्रिल, हेडलाइट सगळं जसंच्या तसं. दुसरीला गाडी चालायला हवी, म्हणजे स्टिअरिंग वळलं पाहिजे, गिअर बदलला पाहिजे. दोघींचंही म्हणणं एकच असतं, खरं मॉडेल आमचंच.

मी दुसऱ्या पार्टीतली. सातवीत असताना आमच्या सोसायटीच्या गणपतीत वस्तू बनवण्याची स्पर्धा होती. मी पट्ट्या आणि नट-बोल्टची जीप केली होती, पुढची चाकं स्टिअरिंगने वळायची. बक्षीस गेलं पुठ्ठ्याच्या एका चकचकीत लाल गाडीला, जिची चाकं फेविकॉलने चिकटवलेली होती! परीक्षकांनी माझं स्टिअरिंग फिरवूनसुद्धा बघितलं नाही. (हो, अजून लक्षात आहे.)

बऱ्याच वर्षांनी कळलं की या दोन्ही पार्ट्यांचा मूळपुरुष एकच आहे. फ्रँक हॉर्नबी. आणि त्याच्याही आयुष्यात शेवटी लाल पुठ्ठ्याची गाडीच जिंकली, असं मला वाटतं. कसं ते सांगते.

हिशेब लिहिणारा माणूस

हॉर्नबीचा जन्म १५ मे १८६३ चा, इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा. वडील किराणा-धान्याचे व्यापारी. सोळाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो वडिलांच्याच दुकानात कॅशियर म्हणून बसला. इंजिनिअरिंगचं शिक्षण शून्य. १८९९ मध्ये वडील गेले, धंदा बंद झाला आणि फ्रँक डेव्हिड एलियट नावाच्या मांस आयात करणाऱ्या व्यापाऱ्याकडे हिशेबनीस म्हणून लागला. तेव्हा तो छत्तीस वर्षांचा होता, घरात बायको क्लारा आणि लहान मुलं.

मुलांसाठी तो पत्रा कापून पूल, क्रेन वगैरे बनवायचा. एका क्रेनसाठी कापलेले भाग दुसऱ्या खेळण्यात बसायचे नाहीत, म्हणजे दर वेळी पुन्हा कापाकापी. त्यावर त्याला जो उपाय सुचला तो आज आपल्याला इतका साधा वाटतो की त्यात शोध काय आहे हेच कळत नाही. सगळ्या पट्ट्यांची रुंदी सारखी, अर्धा इंच. सगळ्या पट्ट्यांवर भोकं, आणि दोन भोकांमधलं अंतरही सगळीकडे अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर. कुठलीही पट्टी कुठल्याही पट्टीला जुळणार. आणि खरी गंमत म्हणजे ज्या भोकात बोल्ट बसतो त्याच भोकात आस घातला की ते भोक बेअरिंग होतं. एकच भोक, दोन कामं.

कोडिंग करणाऱ्यांना सांगायला नको, हा इंटरफेस आहे! पार्ट्स कितीही बदला, भोकांचं अंतर बदलायचं नाही. हा नियम पाळला गेला म्हणून नंतर कित्येक दशकं नवे पार्ट्स जुन्या पार्ट्सना जुळत राहिले. इकडे आपला चार्जर दर दोन वर्षांनी बदलायचा.

जानेवारी १९०१ मध्ये त्याने पेटंटचा अर्ज केला. त्यासाठी लागणारे पाच पौंड त्याच्याकडे नव्हते, ते एलियटसाहेबांकडून उसने घेतले. पुढे एलियट त्याचा भागीदारच झाला. पण खेळण्यांच्या कंपन्यांना हे प्रकरण पसंत पडलं नाही. रंग नाही, रूप नाही, ओबडधोबड पत्र्याच्या पट्ट्या, त्याही मुलांनी स्वतः जोडायच्या! मग हॉर्नबीने हुशारी केली. लिव्हरपूल विद्यापीठातले इंजिनिअरिंगचे प्राध्यापक हेली-शॉ यांना सेट दाखवला आणि त्यांच्याकडून शिफारसपत्र मिळवलं. ज्या माणसाकडे स्वतःची डिग्री नव्हती, त्याने प्रोफेसरच्या नावावर खेळणं उभं केलं. आजच्या भाषेत व्हेरिफाइड टिक म्हणा.

१९०२ मध्ये सेट बाजारात आला. त्यात सोळा प्रकारचे पार्ट्स आणि बारा मॉडेल्स कशी करायची ते सांगणारा कागद होता. १९०३ मध्ये दीड हजार सेट विकले गेले, पण नफा नाही. १९०७ मध्ये त्याने नोकरी सोडली, मेकॅनो हे नाव नोंदवलं, आणि पुढच्या वर्षी एलियट बाजूला होऊन कंपनी एकट्या हॉर्नबीची झाली. आपल्याकडे आजही कुठल्याही कंपनीच्या सेटला सर्रास मेकॅनो म्हणतात, ते हेच नाव.

दोन आगगाड्या, दोन खिडक्या

हॉर्नबीला ही कल्पना कशी सुचली याची एक गोष्ट सांगतात. तो आगगाडीतून चालला होता, खिडकीतून क्रेन दिसली आणि डोक्यात प्रकाश पडला. आता गंमत बघा. अमेरिकेत आल्फ्रेड गिल्बर्ट नावाचा माणूस होता, १९०८ च्या ऑलिम्पिकमध्ये पोल व्हॉल्टचं सुवर्णपदक मिळवलेला. त्याने १९१३ मध्ये इरेक्टर हा लोखंडी सेट बाजारात आणला. त्याला कल्पना कशी सुचली? आगगाडीच्या खिडकीतून, विजेच्या तारांसाठी उभे राहणारे मनोरे बघून! दोन प्रतिस्पर्धी, दोघांची गोष्ट तीच. मला अशा गोष्टी जरा जपूनच घ्याव्याशा वाटतात. १९१५ मध्ये तर हॉर्नबीच्या अमेरिकन शाखेनेच त्याचं चरित्र छापलं, आणि खेळण्यातून दहा लाख डॉलर मिळवणारा मुलगा अशा अर्थाचं त्याचं नाव ठेवलं. मान्यता मिळत नसेल तर ती स्वतः छापायची, हा धडा तो प्रोफेसरच्या पत्रापासून शिकला होता.

गिल्बर्टशी स्पर्धा बाजारात झाली, पण ओहायोतल्या दुसऱ्या एका अमेरिकन उत्पादकाशी हॉर्नबी कोर्टात भांडला. त्या कंपनीचा सेट मेकॅनोची नक्कल होताच, पण तिने मेकॅनोचं मॅन्युअलसुद्धा उचललं होतं. १९१६ मध्ये तिथल्या न्यायालयाने हॉर्नबीच्या बाजूने निकाल दिला. मला यात मॅन्युअलचा भाग महत्त्वाचा वाटतो. भोकं पाडलेली पट्टी कोणीही बनवेल. तिच्यातून काय काय होऊ शकतं हे दाखवणारी चित्रं ही खरी मालमत्ता होती.

आणि ती चित्रं तरी कुठून यायची? पुष्कळशी मुलांकडून. हॉर्नबीने मॉडेल्सच्या स्पर्धा सुरू केल्या. मुलं आपापली मॉडेल्स बनवून फोटो पाठवायची, कंपनी बक्षिसं द्यायची आणि निवडक मॉडेल्स पुस्तकात छापायची. १९१६ मध्ये मेकॅनो मॅगझिन निघालं, सुरुवातीची काही वर्षं त्याचं संपादन हॉर्नबीच करत होता. १९१९ मध्ये मेकॅनो गिल्ड निघाली, गावोगावच्या क्लबांना जोडणारी. आपलं नाव, आपलं मॉडेल छापून येणं यासाठी मुलं महिनोन्महिने खपायची. कंपनीला फुकटात नव्या डिझाइन्स मिळायच्या, आणि त्या बघून बाकीची मुलं आणखी पार्ट्स विकत घ्यायची. यूट्यूबचं सगळं गणित शंभर वर्षांपूर्वी मांडलेलं आहे हे!

यात एक गोष्ट मला खटकते, ती सांगूनच पुढे जाते. हे सगळं मुलग्यांसाठी होतं. खोक्यावर मुलगे, जाहिरातीत मुलगे, मासिकही मुलग्यांचं. माझी जीप त्या काळात फोटो काढण्याइतकी तरी पुढे गेली असती का, शंकाच आहे.

डिफरन्शियल: चालणाऱ्या गाडीची शान

या स्पर्धेत गाडी बनवणाऱ्यांची खरी कसोटी होती मोटारीचा सांगाडा, म्हणजे चॅसिस. वर बॉडी नाहीच. आतली यंत्रणा उघडी ठेवायची, कारण दाखवायची तीच. मेकॅनो कंपनीने १९२० च्या दशकात मोठ्या मॉडेल्सची खास पत्रकं काढली, त्यात मोटार चॅसिस होती. गिअरबॉक्स, क्लच, ब्रेक, स्टिअरिंग आणि डिफरन्शियल, सगळं चालणारं.

डिफरन्शियल म्हणजे काय ते थोडक्यात. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं. दोन्ही चाकं एकाच आसावर घट्ट बसवली तर एक चाक घसटत जाणार. म्हणून आस मधोमध तोडतात आणि तिथे दात्यांच्या चाकांची अशी जुळणी करतात की एक चाक जितकं हळू होईल तितकंच दुसरं जोरात फिरेल. इंजिनकडून येणारा वेग हा नेहमी दोन चाकांच्या वेगांची सरासरी असतो.

आता सरासरी म्हणजे बेरीज भागिले दोन. म्हणजे डिफरन्शियल हे बेरीज करणारं यंत्रही आहे! १९३४ मध्ये मँचेस्टर विद्यापीठात डग्लस हार्ट्री आणि त्यांचा विद्यार्थी आर्थर पोर्टर यांनी मेकॅनोचे पार्ट्स वापरून डिफरन्शियल अ‍ॅनालायझर बनवला. गणितातली अवघड समीकरणं सोडवणारा अ‍ॅनालॉग कॉम्प्युटर, खर्च सुमारे वीस पौंड. तो खेळणं म्हणून नव्हता, अणूंच्या रचनेच्या खऱ्या संशोधनात त्याचा उपयोग झाला. हॉर्नबी तेव्हा हयात होता. लिव्हरपूलपासून मँचेस्टर किती, पुणे-लोणावळ्यापेक्षा थेट अंतर कमी. तीसेक वर्षांपूर्वी घेतलेल्या प्रोफेसरच्या चिठ्ठीची ही व्याजासकट परतफेड म्हणायला हवी.

आणि मग आली छोटी गाडी

पण त्याच सुमारास हॉर्नबीच्याच कारखान्यातून दुसरी एक वस्तू बाहेर पडली होती. १९२० पासून तो खेळण्यातल्या आगगाड्याही बनवत होता, त्या हॉर्नबी नावाने आजही विकल्या जातात. स्टेशन सजवायला माणसं, गुरं, सामान हवं म्हणून छोट्या ओतीव वस्तू आल्या. डिसेंबर १९३३ मध्ये त्यात सहा गाड्यांचा एक संच आला. स्पोर्ट्स कार, कूपे, ट्रक, डिलिव्हरी व्हॅन, ट्रॅक्टर आणि रणगाडा. अमेरिकेत टूट्सीटॉय कंपनी असल्या ओतीव गाड्या आधीपासून विकत होती, त्यामुळे ही कल्पना काही हॉर्नबीची नव्हे. १९३४ मध्ये त्यांना डिंकी टॉइज हे नाव मिळालं.

जोडायचं काही नाही. वळायचं काही नाही. खिशात मावते, स्वस्त आहे आणि खऱ्या गाडीसारखी दिसते. ज्या मुलाला चॅसिसचे गिअर परवडत नव्हते, तो खाऊच्या पैशात डिंकी घेऊ शकत होता. मुलांनी गाड्या उचलल्या आणि आगगाडी बाजूला राहिली. मधला मार्गही कंपनीने काढून बघितला होता. मोटर कार कन्स्ट्रक्टर नावाचा सेट, चावीने चालणारी गाडी, पत्र्याची रंगीत बॉडी, स्वतः जोडायची. छान दिसतो तो. दुसऱ्या महायुद्धानंतर तो परत आला नाही, डिंकी परत आली.

संग्राहकांच्या तोंडी १:४३ हे प्रमाण असतं ना, ते इथूनच आलेलं आहे. ब्रिटनमध्ये ओ-गेज आगगाडीचं प्रमाण होतं एका फुटाला ७ मिलिमीटर. एक फूट म्हणजे ३०४.८ मिलिमीटर, भागिले ७, उत्तर ४३.५. सुरुवातीच्या डिंकी काही इतक्या मोजूनमापून नव्हत्या, पण रुळाशेजारी उभ्या राहायला आलेल्या गाड्यांनी रुळाचंच माप पुढे नेलं.

हॉर्नबी तोवर श्रीमंत झाला होता. १९३१ मध्ये एव्हर्टनमधून खासदार म्हणून निवडून आला, १९३५ ची निवडणूक मात्र लढला नाही. मधुमेह आणि हृदयविकार होता. २१ सप्टेंबर १९३६ ला तो गेला. मोठा मुलगा रोलंड कंपनीचा प्रमुख झाला. पुढे डिंकीला मॅचबॉक्सने स्वस्ताईत आणि कॉर्गीने गाडीला पारदर्शक खिडक्या बसवून घाम फोडला. १९६४ मध्ये कंपनी विकली गेली आणि १९७९ मध्ये लिव्हरपूलच्या बिन्स रोडवरचा कारखाना बंद झाला.

डिंकीचे काही साचे मात्र भारतात आले होते. १९६० च्या दशकाच्या शेवटी कलकत्त्यात त्यांच्यातून निकी टॉइज नावाने गाड्या निघायच्या. तेव्हा आजोबांच्या कपाटात एखादी जुनी गाडी सापडली तर आधी उलटी करून तळाचं नाव वाचा, मोबाइलचा कॅमेरा झूम करून वाचा. डिंकी किंवा निकी लिहिलेलं असेल तर पुन्हा रंगवायला घेऊ नका, मूळ रंग कितीही उडालेला असला तरी संग्राहकांना तोच हवा असतो. गाडी युद्धाआधीची असेल तर धातू नीट बघा. त्या जस्ताच्या मिश्रधातूत शिशाचा थोडाफार अंश राहून जायचा, त्यामुळे दमट हवेत धातूच्या कणांमधून गंज शिरतो, गाडी फुगते, तडे जातात आणि शेवटी भुगा होतो. एकदा सुरू झालं की थांबवता येत नाही. कोरड्या जागी ठेवा आणि पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, नव्या बुटांच्या खोक्यात मिळते ती चालेल. मेकॅनोच्या पट्ट्या सापडल्या तर त्यांना ही भीती नाही. त्या पोलादाच्या आहेत, गंजल्या तर घासून घ्या आणि पुन्हा जोडा.