योगाचार्य तिरुमलै कृष्णम्माचार्य

आपले पिरियापट्टण ज्या मैसूर संस्थानात होते, त्याच्या राजधानीत योगविद्येला नवे तेज देणारे पुरुष म्हणजे तिरुमलै कृष्णम्माचार्य. त्यांचा जन्म १८८८ मध्ये चित्रदुर्ग परिसरात झाला. शास्त्रांत पारंगत असूनही चरितार्थासाठी त्यांना कॉफीच्या मळ्यावर नोकरी करावी लागली. पुढे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या आश्रयाने १९३३ मध्ये जगनमोहन राजवाड्यात त्यांची योगशाळा सुरू झाली.

तेथे धडधाकट मुलांकडून ते अवघड आसने करून घेत. शिस्तही करडी असे. रुग्णांना शिकवण्याची त्यांची रीत मात्र निराळी होती. आधी नाडी व श्वास पाहावा, आहारविहाराची चौकशी करावी, मग झेपेल तेवढाच अभ्यास नेमून द्यावा आणि प्रकृती पालटताच तोही पालटावा.

बालपणी आजारांनी खंगलेले बी. के. एस. अय्यंगार त्यांचेच शिष्य. १९३७ मध्ये गुरूंनी त्यांना पुण्यास धाडले. तेथे अय्यंगारांनी दोर, पट्टे व लाकडी ठोकळे यांच्या आधाराने अशक्तांनाही आसने साध्य करून दिली.

१९५० मध्ये योगशाळा बंद पडली. साठी उलटलेल्या आचार्यांनी मद्रासला नव्याने आरंभ केला. नव्वदी ओलांडल्यावर खुब्याचे हाड मोडले, तेव्हा अंथरुणावर करता येईल असा व्यायाम त्यांनी स्वतःसाठी आखला. १९८९ मध्ये, वयाची शंभरी पूर्ण करून, ते निवर्तले.

सर्व मुलांना एकाच मापाने मोजण्याचा मोह पालकांना व शिक्षकांना होतो, तेव्हा या जीवनाचे स्मरण ठेवावे. शिष्य पाहून विद्या द्यावी, हेच त्याचे सार.