बार्शी लाईटचे साहेब आणि हवाई छत्री

कुर्डुवाडीहून पंढरपूरला जाताना वाटेत मोडनिंब लागते. आज या स्टेशनातून ब्रॉडगेजच्या गाड्या धडधडत निघून जातात. पण गावातल्या कुणाही जुन्या माणसाला विचारा, त्याच्या डोळ्यांपुढे उभी राहते ती बार्शी लाईटची छोटी गाडी. अडीच फुटी रुळांवरून डुलत डुलत जाणारी, चढ आला की धापा टाकणारी आणि आषाढी-कार्तिकीला टपापर्यंत वारकऱ्यांनी भरून वाहणारी. तिच्या संथपणाचे किस्से माढा, बार्शी, पंढरपूर तालुक्यांत अजून रंगवून सांगतात. चालत्या गाडीतून उतरावे, शेतातली चार बोरे तोडावीत आणि पुन्हा त्याच डब्यात येऊन बसावे, हा त्यातला ठरलेला किस्सा.

या चेष्टेत एक गोष्ट मात्र हरवून गेली. ही गाडी आखणारा इंजिनिअर पुढे आकाशाच्या नादी लागला. पहिल्या महायुद्धात वैमानिकांचे प्राण वाचावेत म्हणून त्याने हवाई छत्री तयार केली, आणि तिच्यावर आयुष्याची उरलेली वर्षे व पदरचा पैसा घातला. त्या छत्रीने शत्रूच्या मुलखात हेर उतरवले. ज्यांच्यासाठी ती केली होती, त्या वैमानिकांना मात्र ती मिळाली नाही. त्यांचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप.

कॅलथ्रॉप यांचा जन्म १८५७ साली इंग्लंडमध्ये लिंकनशायरच्या एका शेतकरी घरात झाला. शाळा संपल्यावर त्यांनी इंजिनांच्या कारखान्यात उमेदवारी केली. क्रू येथील रेल्वेच्या मोठ्या कारखान्यात हात काळे केले आणि १८८२ साली, वयाच्या पंचविशीत, ते हिंदुस्थानात आले. नोकरी होती जी.आय.पी. रेल्वेत, लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टरची. मुंबईहून मद्रासकडे जाणारा या कंपनीचा लोहमार्ग सोलापूर जिल्ह्यातून जात होता. पण मुख्य मार्गापासून वीस-बावीस मैल आत असलेली बार्शीसारखी पेठ बैलगाडीवरच अवलंबून होती. कापूस आणि गळिताची धान्ये घेऊन गाड्यांच्या रांगा स्टेशनाकडे निघत. पावसाळ्यात काळ्या मातीत चाके रुतली की माल तिथेच अडकून पडे.

मोठा लोहमार्ग टाकायचा तर खर्च फार आणि न टाकावा तर व्यापार अडलेला. कॅलथ्रॉप यांनी यातून वाट काढली ती लहान रुळांची. त्या काळी अरुंद रुळांची गाडी म्हणजे खेळणे, असे बहुतेक रेल्वेवाल्यांचे मत होते. कॅलथ्रॉप यांचा हिशेब निराळा होता. रूळ हलका असला तरी चालेल, मात्र त्यावर येणारे वजन नीट वाटले गेले पाहिजे. इंजिन असो की वाघीण, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. मग यार्डाला अवघे तीस पौंड वजनाचे रूळसुद्धा भरलेली गाडी बिनधोक पेलतात. एका ठिकाणी पडणारे ओझे अनेक ठिकाणी वाटून द्यायचे, एवढे साधे सूत्र. आपल्या बायाबापड्या डोक्यावर एकच मोठी पाटी न घेता दोन खेपा करतात, त्यामागचा विचार याहून फार वेगळा नाही.

कल्पना सुचणे सोपे, ती उभी राहणे अवघड. पैसा जमवायचा, सरकारची मंजुरी मिळवायची, शिवाय आजूबाजूला निजामाचा मुलूख. या खटपटीत सुमारे दहा वर्षे गेली. मधल्या काळात कॅलथ्रॉप यांनी जी.आय.पी.ची नोकरी सोडली, ते इंग्लंडला परतले आणि सल्लागार इंजिनिअर म्हणून काम करू लागले, पण बार्शीचा नाद सोडला नाही. १८९५ मध्ये कंपनी उभी राहिली. लीड्सच्या कारखान्यांतून इंजिने आणि पोलादी वाघिणी तयार होऊन आल्या आणि १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी गाडी धावू लागली. १९०६ मध्ये तिची एक शाखा पंढरपूरला पोचली आणि मोडनिंबकरांच्या दारात आगगाडी आली. १९११ मध्ये तिने लातूर गाठले. इंजिनिअरांच्या जगात बार्शी लाईटचे नाव झाले. इंग्लंडमधल्या मॅनिफोल्ड खोऱ्यातली १९०४ ची छोटी रेल्वेही कॅलथ्रॉप यांनी याच धर्तीवर उभारली.

इथेच थांबले असते, तर एक यशस्वी रेल्वे इंजिनिअर म्हणून ते सुखाने म्हातारे झाले असते. लंडनजवळ लाउटन येथे त्यांचे घर होते. अरबी घोड्यांची त्यांना अतोनात हौस. घोड्याला चाबकाने नव्हे, मायेने शिकवावे असे त्यांचे मत होते आणि त्यावर त्यांनी १९२० मध्ये एक पुस्तकही प्रसिद्ध केले.

पण १२ जुलै १९१० या दिवशी बोर्नमथच्या मैदानात एक अपघात झाला. रोल्स-रॉईस या प्रसिद्ध कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, चार्ल्स रोल्स, विमान चालवत असताना विमानाची शेपटी मोडली आणि हजारो प्रेक्षकांसमोर ते जमिनीवर कोसळले. रोल्स यांचे वय अवघे बत्तीस. ते कॅलथ्रॉप यांचे स्नेही होते. त्या दिवशी विमान फार उंचीवर नव्हते, तेव्हा छत्रीने रोल्स वाचले असते की नाही हा प्रश्न वेगळा. पण कॅलथ्रॉप यांच्या मनाने घेतले की, यंत्र मोडले म्हणून माणूस मरता कामा नये. त्या वेळी ते त्रेपन्न वर्षांचे होते. लोक ज्या वयात निवृत्तीचा हिशेब मांडतात, त्या वयात या गृहस्थांनी एका अगदी नव्या विद्येत पाऊल टाकले.

हवाई छत्री तेव्हा नवी नव्हती. बलूनमधून उड्या मारून दाखवणारे कसरतपटू जत्रांतून दिसत. अडचण होती ती विमानाची. वेगाने जाणाऱ्या, कोलांट्या खाणाऱ्या विमानातून उडी मारली, तर छत्री पंखात अडकते, दोऱ्यांचा गुंता होतो, कापड फाटते. कॅलथ्रॉप यांनी रेशमी छत्री आणि तिच्या दोऱ्या अशा क्रमाने घडी घालून डब्यात बसवल्या की त्या एकामागून एक उलगडाव्यात. डबा विमानाला जोडलेला आणि छत्रीची दोरी माणसाच्या अंगावरच्या पट्ट्यांना बांधलेली. माणसाने उडी मारली की त्याच्याच वजनाने छत्री डब्यातून ओढली जाई आणि उघडे. त्याने हाताने काही करायचे नाही. घाबरलेला वा जखमी माणूस कळ ओढायला विसरेल, हे गृहीत धरून केलेली ही रचना होती. १९१३ च्या सुमारास त्यांनी पेटंट घेतले आणि छत्रीला नाव दिले ‘गार्डियन एंजल’, म्हणजे पाठराखण करणारा देवदूत.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले. विमाने लाकडाची आणि कापडाची, पेट्रोलची टाकी वैमानिकाच्या अगदी जवळ. गोळी लागली की विमान भर आकाशात पेटे. जळून मरण्यापेक्षा बरे म्हणून काही वैमानिक पिस्तूल जवळ ठेवीत. कॅलथ्रॉप यांनी १९१५ मध्ये आपली छत्री लष्करापुढे ठेवली. चाचण्या झाल्या, अहवाल लिहिले गेले, कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरले. वैमानिकांना छत्री मिळाली नाही. वजन फार, जागा फार, अजून पुरेशी खात्री नाही, अशी कारणे दिली गेली. त्यांत तथ्य अजिबात नव्हते असे नाही. तेव्हाच्या एका आसनाच्या विमानाला चार पौंडही जड होत. पण आणखी एक विचार वरिष्ठांच्या मनात होता असे पुढे बरेच लिहिले गेले. छत्री जवळ असली, तर वैमानिक लढायचे सोडून उडी मारील! बलूनमध्ये टांगून टेहळणी करणाऱ्यांना मात्र छत्र्या होत्या. त्यांच्या धैर्याविषयी कुणाला शंका आली नाही.

कॅलथ्रॉप गप्प बसले नाहीत. १९१७ मध्ये मेजर ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने गार्डियन एंजल घेऊन लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेट थेम्स नदीत उडी घेतली. हे अधिकारी शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाच्या मोहिमेतून मरणाच्या दारातून परत आलेले. इतक्या कमी उंचीवरूनही छत्री उघडते, हे साऱ्या शहराला दिसले.

आणि इथेच या कथेतला विलक्षण भाग येतो. वैमानिकांना नाकारलेली ही छत्री हेरखात्याला चटकन पटली. शत्रूच्या मुलखात हेर पोचवायचा, तर विमान उतरवणे धोक्याचे. रात्री वरून छत्रीने सोडले तर विमान पकडले जाण्याची भीती कमी. ऑगस्ट १९१८ मध्ये इटलीच्या आघाडीवर अलेस्सांद्रो तांदुरा या तरुण अधिकाऱ्याला असेच उतरवण्यात आले. विमान चालवत होते कॅनडाचे नामांकित वैमानिक विल्यम बार्कर. तांदुराला एका झडपेवर बसवले होते. ठरल्या जागी विमान आल्यावर मागे बसलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने खटका ओढला, झडप उघडली आणि तांदुरा अंधारात खाली गेला. छत्री उघडली. ऑस्ट्रियाच्या ताब्यातल्या आपल्याच प्रांतात राहून त्याने सैन्याच्या हालचालींची माहिती गोळा केली. तो दोनदा पकडला गेला, दोन्ही वेळा निसटला आणि जिवंत परतला. खटका ओढणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव वेजवुड बेन. हेच बेन पुढे १९२९ ते १९३१ या काळात भारतमंत्री होते. पहिली गोलमेज परिषद आणि गांधी-आयर्विन करार त्यांच्याच कारकिर्दीतले.

म्हणजे बातमी आणणाऱ्या हेरासाठी छत्री विश्वासाची ठरली आणि त्याला पोचवणाऱ्या वैमानिकासाठी ती ठरली नाही. सप्टेंबर १९१८ च्या सुमारास सरकारचे मत अखेर बदलले आणि विमानांसाठी छत्र्या घेण्याचे ठरले. तोवर जर्मन वैमानिक छत्र्या वापरू लागले होते. पण ११ नोव्हेंबरला युद्धच संपले. जे वाचू शकले असते, ते तरुण केव्हाच गेले होते.

यानंतरचा भाग कॅलथ्रॉप यांच्यासाठी कडू आहे. १९१९ मध्ये अमेरिकेत गार्डियन एंजलचे प्रात्यक्षिक चालू असताना दोरी तुटली आणि उडी मारणारा अधिकारी मरण पावला. त्याच वर्षी त्याच मैदानावर लेस्ली अर्विन या तरुणाने पाठीवर बांधलेली, हाताने कळ ओढून उघडायची छत्री यशस्वी करून दाखवली. विमानाशी कसलीच बांधिलकी नसलेली ही छत्री वैमानिकाला अधिक सोयीची होती, आणि पुढे ब्रिटनच्या हवाई दलानेही तीच घेतली. कॅलथ्रॉप यांच्या हाती कर्ज आणि पेटंटचे कागद उरले. ज्या यंत्राने माणूस वाचावा म्हणून त्यांनी सारे पणाला लावले, त्यानेच एकाचा बळी घेतला, ही टोचणी त्यांना किती लागली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

३० मार्च १९२७ रोजी ते गेले. त्याच वर्षी बार्शी लाईटचा शेवटचा तुकडा पुरा झाला आणि पंढरपूरचे रूळ मिरजेला जाऊन भिडले. सुमारे दोनशे मैलांची ती रेल्वे १ जानेवारी १९५४ रोजी सरकारने विकत घेतली. पुढे टप्प्याटप्प्याने ते रूळ उखडले गेले आणि ब्रॉडगेज आली.

मग या माणसाचे उरले काय? आजही छत्रीधारी सैनिक मोठ्या विमानातून रांगेने उड्या घेतात, तेव्हा त्यांची छत्री उघडते ती विमानाला अडकवलेल्या दोरीने, त्यांच्याच वजनाने. ही रीत एकट्या कॅलथ्रॉप यांची नव्हे, पण ती विमानावर आणण्यासाठी झगडलेल्या पहिल्या काही जणांत ते होते. एकट्या वैमानिकासाठी जी गैरसोयीची ठरली, ती रांगेतल्या शंभर जवानांसाठी सोयीची ठरली. आपल्या सैन्यातली मुले आग्र्याला पहिली उडी मारायला शिकतात तीसुद्धा अशीच. सोलापूर जिल्ह्यातला एखादा पोरगा त्यांत असेल, तर त्याच्या आजोबांनी कदाचित कधीतरी मोडनिंबच्या फलाटावर उभे राहून त्या छोट्या गाडीची वाट पाहिली असेल.

रूळ असो की छत्री, या इंजिनिअरने आयुष्यभर एकाच प्रश्नाचा विचार केला. वजन कसे पेलायचे, की ज्यामुळे माणूस सुखरूप पोचेल? पंढरीच्या वारकऱ्याला त्यांनी पोचवले. शत्रूच्या मुलखात उतरणाऱ्या हेरालाही पोचवले. वैमानिकाला पोचवायचे राहून गेले, पण त्यात उणेपण त्यांच्या यत्नाचे फार थोडे होते.