कर्जबाजारी शेतकऱ्यांचे कैवारी रायफायझेन

कर्ज हा खेड्यातील कुटुंबाचा जुना वैरी होय. पाऊस चुकला, बैल मेला किंवा घरात दुखणे आले की शेतकरी सावकाराचा उंबरा झिजवू लागतो आणि पुढे त्याचे सारे श्रम व्याजातच जातात. ह्या वैऱ्याशी लढण्याची एक रीत ज्यांनी घालून दिली, त्या फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन ह्या जर्मन गृहस्थांचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवतो.

ह्यांचा जन्म ३० मार्च १८१८ रोजी झीग नदीकाठच्या हाम गावी झाला. भावंडे नऊ. घरचा भार लवकरच आईवर पडला. शाळा थोडीच झाली. परंतु गावच्या पाळकसाहेबांनी मुलाला ममतेने शिकवले. पुढे ते तोफखान्यात शिरले. पण डोळ्यांच्या विकारामुळे १८४३ साली त्यांना सैन्य सोडावे लागले.

१८४५ साली ते वायरबुश येथे गावकारभारी नेमले गेले. लागलीच १८४६-४७ चा दुष्काळ आला. सरकारने पीठ पाठवले, पण ते रोख पैसे घेऊनच द्यावे असा हुकूम होता. उपाशी मनुष्याजवळ रोकड कोठून असणार? रायफायझेन ह्यांनी तो हुकूम बाजूस ठेवून पीठ उधारीवर वाटले. गावातील सधन लोकांना त्यांनी एकत्र केले, त्यांच्या पैशाने धान्य आणवले व गावची भट्टी बांधून स्वस्त पाव विकला.

१८४८ साली त्यांची बदली फ्लामर्सफेल्ड येथे झाली. तेथे गुरांचे व्यापारी जबर व्याजावर जनावरे देऊन शेतकऱ्यांना नागवीत असत. १८४९ साली रायफायझेन ह्यांनी मंडळ स्थापले. सुमारे ६० सुखवस्तू गृहस्थ त्यास जामीन राहिले. मंडळाने गुरे विकत घेऊन गरिबांस द्यावी व त्यांनी पाच वर्षांत हप्त्याने किंमत फेडावी, असा क्रम ठरला.

हेडेसडोर्फ येथे १८५४ साली त्यांनी असेच दुसरे मंडळ काढले. परंतु काही वर्षांनी श्रीमंतांचा उत्साह ओसरू लागला. ज्या कामाचा आपणास लाभ नाही, त्याची जोखीम कोण किती दिवस वाहील? रायफायझेन ह्यांचा तर ख्रिस्ती प्रीतीवर फार भरवसा होता. मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील प्रभूचे बोधवचन हाच त्यांच्या साऱ्या उद्योगाचा पाया होता. म्हणून ही गोष्ट मान्य करणे त्यांना जड गेले. तरी त्यांनी ती मान्य केली. १८६४ साली जुने मंडळ मोडून पतपेढी उभारली. ज्याला कर्ज हवे, त्याने सभासद व्हावे असा नियम केला. आता गरीब हा दान घेणारा न राहता भागीदार झाला.

ह्या पेढीचे नियम साधे होते. तिचे क्षेत्र एका गावाएवढे लहान असावे, म्हणजे कोण उद्योगी व कोण उधळ्या हे सर्वांस ठाऊक असते. सर्वांच्या कर्जास सर्वांनी जबाबदार असावे. पंचांनी वेतन घेऊ नये. केवळ हिशेबनिसास मोबदला मिळावा. नफा वाटून न घेता गंगाजळीत ठेवावा. कर्ज उपयोगी कामासाठीच द्यावे.

इकडे त्यांच्यावर संकटे कोसळत होती. १८६३ साली पत्नी निवर्तली, स्वतःस विषमज्वराने गाठले व दृष्टी जवळजवळ गेली. १८६५ साली नोकरी सुटली. तेव्हा थोरली कन्या अमाली त्यांचे डोळे झाली. बापाने सांगावे व मुलीने लिहावे, अशा रीतीने पतपेढ्यांवरील त्यांचा ग्रंथ १८६६ साली प्रसिद्ध झाला. तो वाचून गावोगावी पेढ्या निघाल्या. ११ मार्च १८८८ रोजी, सत्तरी गाठण्यास थोडेच दिवस उरले असता, ते मरण पावले.

त्यांचे काम आपल्या देशासही पोहोचले. मद्रास इलाख्यातील अधिकारी फ्रेडरिक निकल्सन ह्यांनी युरोपातील पेढ्या पाहून अहवाल लिहिला आणि रायफायझेनांसारखा मनुष्य शोधावा असा त्यात आग्रह धरला. १९०४ साली सहकारी पतपेढ्यांचा कायदा झाला. आज महाराष्ट्रातील खेड्यात जी सेवा सोसायटी दिसते, तिचे मूळ शोधत गेल्यास ह्या अंधुक दृष्टीच्या कारभाऱ्यापाशी पोहोचते.

वाचकहो, आपल्या गावच्या सोसायटीत आपण केवळ कर्ज मागण्यास जातो, की तिच्या सभेस बसतो, हिशेब विचारतो व घेतलेले वेळेवर फेडतो? एकाने बुडवलेले कर्ज शेजाऱ्याच्या घरातून जाते, हे रायफायझेन ह्यांनी ओळखले होते. आणि एकाने राखलेली पत शेजाऱ्याच्याही उपयोगी पडते, हेही.